पाऊस बदलला, सातबारा कधी बदलणार?



नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही चार दिवस गावी जाऊन आलो. गाव बीड जिल्ह्यातले, सिंदफणा नदीपासून कोसभर अंतरावर. आमची थोरली आत्या तिथे एकटीच राहते. वय सत्तरीच्या पुढे, पण कंबर वाकलेली नाही आणि जीभ तर मुळीच नाही. तिने आणि आमच्या कालकथित मामांनी १९८४ साली दोन एकर गायरान दगडगोटे वेचून वहितीखाली आणले. त्याच दोन एकरांवर तिने तीन मुले वाढवली, दोघांना शिकवून नोकरीला लावले. ती मुले आज शहरात आहेत. आत्या मात्र शेत सोडायला तयार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झाले हे आपण सर्वांनी वाचले, पाहिले. बीड, धाराशिव, जालना, लातूर, नांदेड आणि शेजारचा सोलापूर जिल्हा पाण्याखाली गेला. उभे सोयाबीन कुजले, जनावरे वाहून गेली, कित्येकांच्या शेतातली काळी माती खरडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला. आत्याच्या शेताचाही ओढ्याकडचा पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा असाच गेला.

आम्ही विचारले, "आत्या, असा पाऊस पूर्वी कधी पाहिला होतास का गं?"

ती म्हणाली, "पाऊस पडायचा ना लेकरा. पण सांगून पडायचा. मिरगात पेरलं की पोळ्यापतूर पीक मान वर करून उभं राहायचं. आता मिरग कोरडा जायलाय, पोळ्याला ऊन तापायलंय, अन् काढणीच्या तोंडावर आभाळ फुटायलंय."

"मग नुकसानीचे पैसे मिळाले का?"

"पंचनाम्याला आलते की. म्हणले, सातबारा दाखवा. म्या म्हणलं, सातबाऱ्यावर सरकारचं नाव हाय, बांधावर मी हाय. माती माझी वाहून गेली, सरकारची न्हाई. ते हासले अन् पुढच्या शेतात गेले."

आत्याचे हे उत्तर आम्हाला मुंबईपर्यंत सोडेना. आज हवामानबदलावर मोठमोठ्या परिषदा होतात, शेतीने बदलत्या हवामानाशी कसे जुळवून घ्यावे यावर योजना निघतात. पण ज्याचे नाव कागदावरच नाही, त्याने कशाशी आणि कोणाच्या मदतीने जुळवून घ्यायचे?

पाऊस असा का वागतो?

हा कोणा देवाचा कोप नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नाही. त्यामागे कारण आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे माणसाने कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले, जंगले तोडली. त्यातून निघालेला कार्बन वायू हवेत साठला आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरला. उष्णता अडकून राहिली. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. २०२४ हे तर १.५ अंशाची रेघ ओलांडणारे पहिले वर्ष ठरले.

एक-दीड अंशाने काय होते, असे कोणी म्हणेल. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते. म्हणून पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. आत्या जे आपल्या डोळ्यांनी सांगते, तेच शास्त्र आकड्यांनी सांगते.

महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के शेती पावसावर अवलंबून आहे. ज्याच्याकडे कालवा, विहीर, बोअर आहे तो एखादा खंड काढून नेतो. आपल्या लोकांच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी माळरान, मुरमाड, गावकुसाबाहेरची जमीन आली, तीही तुकड्यांची. म्हणून पाऊस चुकला की पहिला घाव आपल्याच घरावर बसतो.

आत्याच्या शेतातली शिकवण

आता एक विचार करण्यासारखी गोष्ट. आत्याच्या शेजारच्या वावरात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन होते. ते सगळेच्या सगळे गेले. आत्याच्या दोन एकरांत मात्र मूग, उडीद, सोयाबीन, तूर, बाजरी, कडेला अंबाडी आणि बांधावर दोन शेवगे. मूग ऑगस्टच्या शेवटी घरात आला होता. सोयाबीन आणि बाजरी गेली. उंचवट्यावरची तूर निम्मी तरी उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये आम्ही गेलो तेव्हा ती फुलावर होती, आणि मोकळ्या झालेल्या रानात आत्याने ज्वारी पेरलेली होती.

तिला "हवामान-अनुकूल शेती" हा शब्द ठाऊक नाही. ती म्हणते, "सगळी अंडी एका कोंबडीखाली कशाला ठिवावी?" परभणीचे कृषी विद्यापीठही सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी घ्या, असेच सांगत आले आहे. सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघते, तूर उशिरा येते, तिचे मूळ खोल जाते. एकाचा हंगाम बुडाला तर दुसरे हाताशी राहते.

ज्या वाचकांचे गावी थोडेफार शेत आहे त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी इथे देतो. यातल्या एकीलाही मोठे भांडवल लागत नाही.

पहिली गोष्ट, पेरणीची घाई नको. पहिली सर पडली की सगळे गाव तिफण घेऊन धावते, मग खंड पडतो आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच पेरा.

दुसरी, बियाणे घरी तपासा. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवड्याच्या आत सत्तर किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे पेरण्याजोगे. शाळेत जाणारी मुलेसुद्धा हे काम हौसेने करतील. पेरण्याआधी दहा किलो बियाण्याला पाव किलो रायझोबियमचे पाकीट चोळा, म्हणजे पिकाच्या मुळांवर नत्राच्या गाठी चांगल्या धरतात.

तिसरी, पाण्याला वाट आणि थारा दोन्ही द्या. रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी अशी पेरणीची पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी तयार झाली. पाऊस जास्त झाला तर सरीतून जादा पाणी निघून जाते, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते. ट्रॅक्टरचे यंत्र परवडत नसेल तर सोयाबीनच्या दर सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि कोळप्याला दोर गुंडाळून तिथे सरी काढा. पेरणी आणि मशागत नेहमी उताराला आडवी करा.

चौथी, काडीकचरा जाळू नका. पऱ्हाटी, पाचट, तुरीच्या काड्या पेटवल्या की धूर हवेत जातो आणि जमिनीच्या वाट्याला राख उरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची नाडेप पद्धत दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद, त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. ज्या मातीत असे खत गेले ती माती स्पंजासारखी पाणी धरते.

धूर कोणाचा आणि ओझे कोणावर?

जुळवून घेणे ही एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे हवा तापवणारे वायू कमी करणे. शेतीतूनही असे वायू निघतात हे खरे आहे. भाताच्या तुंबलेल्या खाचरांतून मिथेन निघतो. खाचर अधूनमधून कोरडे पडू दिले तर तो बराच कमी होतो आणि पाणीही वाचते. गरजेपेक्षा जास्त युरिया टाकला तर पीक तो सगळा घेत नाही. उरलेल्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून उडून जातो, आणि हा वायू कार्बन वायूपेक्षा २७३ पटीने जास्त उष्णता अडकवतो. म्हणजे जादा युरियाने खिशालाही चटका आणि हवेलाही.

म्हणून खत मोजून टाकणे, कडधान्याचा फेरपालट, काडीकचरा न जाळणे यांत आपलाही फायदा आहे आणि पृथ्वीचाही. पण इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बजावायची आहे. आत्याच्या चुलीचा धूर आणि वातानुकूलित बंगल्यांचा, विमानांचा, कारखान्यांचा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने आपल्या सहाव्या अहवालात मान्य केले आहे की, ज्यांनी या बिघाडात सर्वांत कमी भर घातली त्यांनाच त्याची सर्वाधिक झळ बसते. तेव्हा गरिबाला "तू सुधार" असे सांगण्याआधी "तुझे देणे किती" हे विचारले पाहिजे.

तळे खोदले कोणी, पाणी गेले कोणाकडे?

आपल्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. सुकडी खाऊन, लाल मिलोच्या भाकरी खाऊन आपल्या आयाबायांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नाल्यांवर बांध घातले. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. त्या काळी "जुळवून घेणे" असा शब्द नव्हता, पण काम तेच होते. प्रश्न एवढाच, की तलावाचे पाणी मुरले ते कोणाच्या विहिरीत? ज्याची तलावाखाली जमीन होती त्याच्या. खोदणाऱ्याला मजुरी मिळाली आणि तो पुन्हा ऊसतोडीला निघून गेला.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल, अवजारे, श्रम यांच्या मेळावरून ठरते, हा त्यातला विचार आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आली. पाणी आणि जमीन हे प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. कसेल त्याला पडीक जमीन द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती.

त्या लढ्यांचे फळ म्हणून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात आहे. आत्याची वहिवाट १९८४ ची. तरीही तिचा अर्ज आज इतकी वर्षे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतो आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा निकाल दिला, पण शासनाच्या निर्णयानुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल तर अपवाद करता येईल, असेही त्यात म्हटले आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा हा अपवाद किती जणांना माहीत होता?

आणि आता हवामानाचा प्रश्न याच कागदाला येऊन भिडला आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांत कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. ठिबक, शेततळे, फळबाग हे सारे ज्याच्या नावे जमीन त्याच्यासाठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीला अडीच लाख रुपये अनुदान होते, २०२४ मध्ये ते चार लाखांपर्यंत वाढवले गेले. योजना चांगली आहे, पण अट अशी की स्वतःच्या नावे सातबारा आणि आठ-अ हवा, आणि विहिरीसाठी किमान एक एकर जमीन हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ३१,६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख. आत्याचे पाच-सहा गुंठे खरडले, पण तिच्या हाती काही नाही. बटाईने शेत करणाऱ्याची आणि काढणीची मजुरी बुडालेल्या बाईची गतही तीच.

आपण काय करू शकतो?

नुसते हळहळून उपयोग नाही. शहरात राहणाऱ्या आणि दोन अक्षरे लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या लेकरांनी पुढच्या सुट्टीत गावी जाताना एवढी कामे डोक्यात ठेवावीत.

घरची जमीन अजून आजोबांच्या, वडिलांच्या नावावर आहे का ते पाहा. वारस नोंद झाली नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा, पोच घ्या. त्यात बहिणींची नावे गाळू नका. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क कायद्याने मुलाइतकाच आहे. आणि पतीच्या नावे जमीन असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ही सोय १९९२ पासून आहे. शेतात राबणारी बाई आणि कागदावर नाव भलत्याचेच, हा अन्याय आपल्या घरातही होतो हे कबूल करू या.

गायरान कसत असाल तर जुने पुरावे सांभाळा. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, जुनी नोटीस, गाव नमुना १-ई मधला उतारा, यांतला प्रत्येक कागद सोन्यासारखा आहे. पावसात भिजणार नाही असा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, एक प्रत शहरातल्या मुलाकडे द्या. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज करा.

ज्यांना जमीनच नाही त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी ती आहे. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना त्यात प्राधान्य आहे. जमीन विकायला मालक तयार होत नाहीत ही जुनी अडचण आहे, पण मागणारेच नसतील तर ही योजना कागदावरच राहील.

आणि बायकांनी एकत्र आल्याने काय होते त्याचेही उदाहरण मराठवाड्यातच आहे. २०१२ नंतरच्या लागोपाठच्या दुष्काळात धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि लातूर भागातल्या बायकांनी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या ताब्यात मागून घेतला. त्यात ज्वारी, बाजरी, कडधान्य, भाजीपाला घेतला, सेंद्रिय खत वापरले. आधी घरची ताटे भरली, उरले ते विकले. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्या बायकांनी जे मागितले ते फार नव्हते. काय पेरायचे ते आम्ही ठरवू, एवढेच त्या म्हणाल्या.

निघताना आत्याने आम्हाला शेराभर मूग, अंबाडीचे बी आणि एक जुनी पत्र्याची डबी दिली. डबीत मामांच्या हातच्या घडीचे सहा कागद होते. दोन दंडाच्या पावत्या, बाकी जुने अर्ज. आम्ही त्यांच्या प्रती काढून घेतल्या आहेत आणि आत्याच्या वतीने नव्याने अर्ज लिहिला आहे. उत्तर काय येते ते या जागेवरून आपल्याला कळवूच. तुमच्या घरीही अशी एखादी डबी असेल. पुढच्या पेरणीआधी ती उघडून पाहा, आणि त्यात काय निघाले ते आम्हाला जरूर लिहा.

जयभीम!